मुखपृष्ठ फाडणाऱ्यांना

गेल्या उन्हाळ्यात एका धर्मग्रामाच्या वाचनालयाची झाडझूड चालली असताना मी योगायोगाने तेथे होतो. धर्मग्रामाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे जे घडले ते अन्यत्रही घडत असणार, आणि कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा माझा हेतू नाही. एका दिवंगत शिक्षकाच्या कुटुंबाने त्यांची पुस्तकांची पत्र्याची पेटी वाचनालयाला भेट दिली होती. पेटीत वरच्या थरात प्रार्थनेची व गायनाची पुस्तके होती, मधल्या थरात शालेय व्याकरणे होती आणि तळाशी, जुन्या लुगड्यात नीट बांधून ठेवलेल्या, चाळीसेक रहस्यकथा होत्या. व्हरांड्यात दोन मुले मांडी घालून बसली होती आणि त्या रहस्यकथांची मुखपृष्ठे एकेक करून फाडीत होती.

मी विचारले, "काय रे, हे काय चालवले आहे?"

त्यातला मोठा म्हणाला, "गुरुजी, चित्रं तेवढी काढायला सांगितलीत. गोष्टी राहू द्या म्हणाले."

फाडलेल्या कागदांच्या ढिगातून अकरा मुखपृष्ठे मी मागून घेतली आणि पिशवीत घालून धावड्याला घेऊन आलो. ती माझ्यासमोर टेबलावर आहेत. एकावर काळा बुरखा घातलेला पुरुष आहे, त्याच्या हातातील पिस्तुलाच्या नळीवर चंद्राचा प्रकाश चमकतो आहे. दुसऱ्यावर हिरव्या साडीतील एक स्त्री दाराआडून पाहते आहे. तिच्या डोळ्यांत भीती आहे आणि त्या भीतीमागे काहीतरी लपविल्याचा भावही आहे. तिसऱ्यावर एक जिना आहे, जिन्यावर पडलेला हात आहे, आणि हाताखेरीज काहीही नाही. ही चित्रे पाहून आत्म्याचा नाश होतो, असे ज्यांना वाटले त्यांच्याशी मला चार शब्द बोलायचे आहेत.

वाचकहो, प्रथम एक खुलासा. मी चित्रकलेचा जाणकार नाही. खेड्यात शाळामास्तरकी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. धावडा हे भोकरदन तालुक्यातील गाव. माझ्या लहानपणी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. गावात ख्रिस्ती म्हणावे असे आमचे एकच घर. वडील धर्मशिक्षक होते. महिन्याकाठी कामानिमित्त जालन्याला जात आणि परतताना तेल, मीठ, काडेपेटी यांच्याबरोबर एखादी वापरलेली रहस्यकथा आणीत. रात्री जेवणे झाली, रोझरी झाली, की कंदिलाची वात मोठी करून ते मोठ्याने वाचीत. शेजारची माणसे ओट्यावर येऊन बसत. त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. वाचनास आरंभ होण्यापूर्वी पुस्तक हातोहात फिरे, आणि जे वाचू शकत नसत तेही मुखपृष्ठ वाचीत! हा बुरखेवाला कोण, ही बाई कोणाची, खून कोणाचा झाला असेल, यावर वाद होत. माझी आई लिहिण्यावाचण्यास शिकली ती याच पुस्तकांच्या नावांवरून. चित्राखाली काय लिहिले आहे ते कळावे, एवढ्या एका ओढीने तिने अक्षरे गिरवली. तेव्हा त्या चित्रांना कोणी कचरा म्हटले की माझ्या आईच्या पाटीवर कोणी थुंकल्यासारखे मला वाटते. हा पक्षपात मी आरंभीच कबूल करतो. आता युक्तिवादाकडे वळतो.

ही पुस्तके कोणाची होती? बहुसंख्य बाबूराव अर्नाळकरांची. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि १९९६ साली ते निवर्तले. झुंजार आणि त्याची विजया, धनंजय आणि त्याचा छोटू, काळापहाड ही नावे एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत देवादिकांच्या खालोखाल परिचयाची होती. त्यांच्या अनेक पुस्तकांना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे लाभली. मुळगावकर १९१८ साली गोमंतकात जन्मले, १९७६ साली वारले. देवदेवतांची त्यांनी काढलेली चित्रे लक्षावधी घरांच्या भिंतींवर लागली. त्याच कुंचल्याने काळापहाडाचा बुरखा रंगवला. त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल हेही गोमंतकीय, मडगावचे. जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी १९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला आणि १९७१ साली मृत्यू येईपर्यंत हजारो मुखपृष्ठे रंगवली. ललित वाङ्मय आणि लोकप्रिय कादंबरी असा सोवळ्याओवळ्याचा भेद त्यांच्या रंगपेटीने मानला नाही.

या चित्रांमागचे कष्टही ध्यानात घ्यावेत. चित्रकार मूळ चित्र जलरंगात वा अपारदर्शक रंगांत काढी. मग त्याचे छायाचित्र गाळण्यांमधून घेऊन पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे वेगवेगळे ब्लॉक करावे लागत. प्रत्येक कागद यंत्रातून तितक्या वेळा जाई. एक रंग केसभर सरकला तर नायिकेचे ओठ गालावर जात. सर्व ठिपके जागच्या जागी बसले म्हणजेच चेहरा उजळे. आतला कागद हलका, लुगद्याचा, दहा वर्षांत पिवळा पडून मोडणारा. बाहेरचा मात्र गुळगुळीत व जाड. प्रकाशकाचा खर्च मुखपृष्ठावर होई, कारण बसस्थानकावरच्या फळीवर पुस्तकाची वकिली करणारे दुसरे कोणी नव्हते. काम संपले की ब्लॉक मोडीत निघत, मूळ चित्रे कोठे तरी गहाळ होत. म्हणजे आज उरले आहे ते केवळ छापील मुखपृष्ठ. वाचनालयात पुस्तक बांधणीला गेले की सर्वांआधी तेच निघते, आणि आता तर आपण ते हाताने फाडू लागलो आहोत.

"पण त्या चित्रांत स्त्रीदेहाचे प्रदर्शन असते," असा आक्षेप येईल. येऊ द्या, त्यात तथ्य आहे आणि मी ते झाकणार नाही. माझ्याजवळच्या अकरांपैकी दोन मुखपृष्ठांवर जी स्त्री आहे ती कथेत कोठेही नाही. ती केवळ गिऱ्हाईक थांबावे म्हणून उभी केलेली आहे. हा खोटेपणा आहे, आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेचा तो अवमान आहे, हे म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. परंतु उरलेली नऊ? जिन्यावरच्या हाताने कोणता विनय मोडला? हिरव्या साडीतील त्या भेदरलेल्या स्त्रीने कोणाला मोहात पाडले? निवाडा करणाऱ्याने एक तरी चित्र डोळे उघडून पाहिले होते काय? की 'रहस्यकथा' हा शब्द ऐकूनच शिक्षा फर्मावली? मुलाच्या त्या वाक्यातील विसंगती पाहा: गोष्टी राहू द्या, चित्रे काढा. कथेत खून, दरोडा, फसवणूक सर्व काही आहे, ते चालेल. चित्र तेवढे नको. हा नीतीचा विचार म्हणता येणार नाही. पाहुण्यांच्या नजरेस काय पडेल एवढ्याचाच हा विचार आहे.

धावड्याहून अजिंठा फार दूर नाही. त्या लेण्यांतील चित्रे पाहावयास आपल्याच धर्मग्रामांच्या सहली जातात, धर्मगुरू व धर्मभगिनी बरोबर असतात, आणि उघड्या खांद्यांच्या राजस्त्रियांपुढे उभे राहून मार्गदर्शकाचे बोलणे सारे आदराने ऐकतात. ते योग्यच आहे. पण एक प्रश्न विचारतो. पंधराशे वर्षे जुने झाल्यामुळे चित्र पवित्र होते काय? जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्याच शाळेत पुढे दलाल शिकले. अजिंठ्याचा वारसा कलाशाळेतून बसस्थानकावरच्या फळीपर्यंत आला तो या वाटेने. त्यातील एक टोक आपण पूजतो आणि दुसरे चुलीत घालतो. ग्रिफिथ्स यांच्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याबद्दल आपण हळहळतो. ती आग अपघाताने लागली होती. आपल्या व्हरांड्यातील आग मात्र ठराव करून लावलेली आहे.

कोणी पवित्र शास्त्राचा आधार काढतील. प्रेषितांच्या कृत्यांत इफिससच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तके सर्वांदेखत जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी भरली, ही हकिगत मलाही ठाऊक आहे. मात्र ती नीट वाचावी. ज्यांनी ती पुस्तके जाळली त्यांची ती स्वतःची होती. त्यांनी त्या विद्येचा धंदा केला होता, आणि पश्चात्तापाने, स्वखुशीने ती जाळली. मेलेल्या शेजाऱ्याची पेटी उघडून त्याची पुस्तके जाळा, अशी आज्ञा तेथे कोठे आहे? त्याच ग्रंथात दोन अध्याय आधी पौल अथेन्समध्ये हिंडताना दिसतो. नगरी मूर्तींनी भरलेली पाहून त्याचा आत्मा खवळतो खरा, परंतु हातात हातोडा घेण्याऐवजी तो त्यांच्या पूजास्थानांचे निरीक्षण करतो, अज्ञात देवाला वाहिलेल्या वेदीवरचा लेख वाचतो, आणि मग त्या लेखावरूनच आपल्या भाषणास आरंभ करतो. आधी पाहिले, मग बोलला. आपण पौलाचा क्रोध तेवढा घेतला आणि त्याचे डोळे तेथेच सोडून आलो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या बाबतीत शहाणपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची रोममधून प्रथम निघाली. चारशे वर्षे ती चालली आणि व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६ साली, तिचे कायदेशीर बंधन उठले. ते उठवणारे ख्रिस्तसभेचे शत्रू नव्हते. श्रद्धावंतांच्या विवेकबुद्धीवर भिस्त ठेवण्याची वेळ आली आहे, हे ख्रिस्तसभेनेच ओळखले. अमेरिकेतील महागुरूंनी १९३८ साली सद्वाङ्मयासाठी एक संघटना स्थापिली होती. पंचवीस सेंटांच्या कागदी बांधणीच्या पुस्तकांचा तेथे सुळसुळाट झाला तेव्हा तिच्या नावाने ठिकठिकाणच्या समित्या याद्या घेऊन दुकानोदुकानी फिरू लागल्या. त्या याद्यांत सवंग पुस्तके होतीच. परंतु नोबेल पारितोषिक मिळवणारे फॉकनर आणि हेमिंग्वे हेही त्यांत सापडले. कारण सोपे होते. कागदी बांधणीच्या प्रकाशकाने थोर कादंबरीलाही भडक मुखपृष्ठ चढवले होते, आणि न वाचता निवाडा करण्याची घाई झालेल्यांना तेवढे पुरले. १९५२ साली तर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने अशा पुस्तकांच्या चौकशीसाठी समितीच नेमली. आज तीच मुखपृष्ठे तेथील विद्यापीठे जतन करून ठेवतात, कारण त्या काळातील सामान्य माणूस कशाला भीत होता आणि कशाची स्वप्ने पाहत होता, ते अन्य कोणत्याही कागदावरून इतके स्पष्ट कळत नाही.

आपल्याकडेही न्यायालयाने या प्रश्नाचा खल केला आहे. १९६२ सालच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कादंबरी आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली न्यायमूर्तींनी ती कृती अश्लील नाही असा निर्णय दिला. निर्णय देण्यापूर्वी त्यांनी कादंबरी वाचली होती, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे. कायदा जुना असो वा नवा, वस्तू समोर ठेवून, ती पाहून निवाडा करावा, ही रीत बदललेली नाही. न्यायालय जेवढा धीर धरते तेवढा आपल्या वाचनालयाच्या समितीला धरवू नये, हे दुःखद आहे.

आता एक कडू गोष्ट. आपल्या घरांतील भिंतींकडे पाहा. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा ख्रिस्त आणि गुलाबी गालांची पवित्र मारिया ज्या छापील चित्रांत आहे, त्यांतील पुष्कळशी तशाच छापखान्यांतून, तशाच ठिपक्यांतून निघालेली, गिऱ्हाइकाला भुलवणाऱ्या गोडव्याने रंगवलेली आहेत. ती आपल्याला खटकत नाहीत. उलट आपल्यातीलच एक थोर चित्रकार, आंजेलो द फोन्सेका, याने मारियेला साडी नेसवली तेव्हा गोमंतकातील आपल्याच माणसांनी त्याच्यावर टीकेचा भडिमार केला. १९०२ साली जन्मलेला हा कलावंत शेवटी पुण्यास येऊन राहिला आणि १९६७ साली तेथेच वारला. आता त्याच्या चित्रांची प्रदर्शने भरतात आणि आपण अभिमानाने त्याचे नाव घेतो. तात्पर्य, चित्राच्या बाबतीत आपला पहिला निवाडा फारसा विश्वासार्ह नाही. एकदा तोंड पोळल्यावर तरी आपण फुंकर घालावी.

"तुमचे म्हणणे मान्य, परंतु मुलांचे काय?" हा प्रश्न मला गंभीर वाटतो, कारण तो विचारणाऱ्या आईवडिलांची काळजी खरी असते. त्यांना मी म्हणेन: तुमच्या मुलाच्या हातातील मोबाईलवर घटकाभरात जितकी आमिषाची चित्रे सरकतात, तितकी बाबूरावांच्या साऱ्या पुस्तकांवर मिळून नसतील. त्या चित्रांची युक्ती तीच आहे. बाहेर एक दाखवायचे, आत दुसरे द्यायचे. भीती, लोभ, कुतूहल यांपैकी एखादी दोरी ओढायची. फरक इतकाच की मुखपृष्ठ टेबलावर स्थिर राहते, ते दाखवून समजावता येते. "बाळ, हे चित्र पाहा. ही बाई गोष्टीत आहे का? नाही? मग ती येथे कोणी आणि कशासाठी उभी केली?" असे मुलाला विचारा. ज्या मुलाला हा प्रश्न एकदा विचारता आला, त्याला जाहिरात फसवणार नाही, आणि निवडणुकीचा फलकही सहजासहजी फसवणार नाही. ज्याच्यापुढून तुम्ही चित्रच फाडून टाकले, तो पहिल्या आमिषाला बळी पडेल. परमेश्वराने शमुवेलाला सांगितले की मनुष्य बाह्यरूप पाहतो, देव हृदय पाहतो. पण शमुवेलालाही इशायाच्या एकेका मुलाकडे नीट पाहावे लागलेच ना? डोळे मिटून हृदय दिसत नाही.

शेवटी, आपण काय गमावतो त्याचा एक दाखला आपल्याच घरचा देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. भाविकांनी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांमुळे ग्रंथ वाचला, परंतु त्याच्या पहिल्या पानावर कोणती वेलबुट्टी होती, कोणते चिन्ह होते, हे आपण सांगू शकत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या मुकुटमण्याचे मुखपृष्ठ आपल्याला ठाऊक नाही! 'ख्रिस्तपुराण' आणि झुंजारकथा एका तागडीत तोलण्याचा वेडेपणा मी करीत नाही. परंतु कागद टिकतो तो कोणी तरी टिकवला म्हणून. आणि काय टिकवण्याजोगे आहे हे ठरवण्याची घाई करणाऱ्या पिढ्यांनीच आपले दारिद्र्य वाढवले आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. ज्या वाचनालयाकडे अशा पेट्या येतील, त्यांनी पुस्तक मुखपृष्ठासह ठेवावे. बांधणीला देताना मुखपृष्ठ आत चिकटवावे. चित्रकाराची सही दिसत असेल तर नोंदवहीत लेखकाच्या नावाखाली त्याचेही नाव लिहावे. एखादे चित्र खरोखरच लहान मुलांपुढे ठेवू नये असे वाटले, तर ते कपाटात ठेवावे. कपाटाला कुलूप असते, आणि फाडलेल्या कागदाला मात्र उपाय नसतो. कोणते चित्र कपाटात जावे हे ठरवण्यापूर्वी समितीतील प्रत्येकाने ते पाहावे, आणि शक्य तर आतली गोष्टही वाचावी.

त्या पेटीचे धनी गुरुजी मला प्रत्यक्ष परिचित नव्हते. परंतु ज्या माणसाने प्रार्थनापुस्तके वर आणि रहस्यकथा खाली, पण दोन्ही एकाच पेटीत, आणि खालच्या पुस्तकांना पत्नीचे जुने लुगडे गुंडाळून ठेवले, त्याला आपल्या आयुष्यात कशाची जागा कोठे आहे हे बरोबर कळले होते. त्याच्या मुलांनी ती पेटी विश्वासाने आपल्या हाती दिली. मुखपृष्ठ फाडणाऱ्यांनो, तो विश्वास तुम्ही फाडलात. उरलेल्या एकोणतीस चित्रांपैकी काही अजून त्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात असतील, तर कृपा करून उचलून ठेवा. माझ्याजवळची अकरा मी परत आणून देईन, आणि ती चिकटवण्यासाठी खळही घरून घेऊन येईन.